डाव्या कडेला उभा माणूस

ग्रेटन
९ फेब्रुवारी १९२७

एनॉक,

तुझ्या हॅनाचं पत्र आलं. तुझा गुडघा उघडून बघितला आणि आतलं बरंच काही काढून टाकावं लागलं, असं तिने लिहिलंय. डॉक्टरांचं काय घेऊन बसलास, त्यांना कापायला मिळालं की झालं. उन्हाळ्यापर्यंत तू धावायला लागशील. ऑगस्टात सराव सुरू होईल तेव्हा ऑस्टरबीच्या मैदानावर सगळ्यांच्या पुढे तूच असशील, माझा शब्द लिहून ठेव.

निघताना हॉस्पिटलात भेटून आलो नाही म्हणून रागावू नकोस. सगळं इतक्या घाईत झालं. शनिवारी आपण ब्रॅम्फर्डला हरवलं, सोमवारी रोव्हर्सचे साहेब लोक मोटार घेऊन दारात, आपल्या क्लबचे सेक्रेटरी म्हणाले सही कर, मी केली, आणि बुधवारी मी इथे. पहिल्या डिव्हिजनचा क्लब, एनॉक! आंघोळीचं पाणी दुसऱ्या माणसापर्यंतही गरम असतं. मी मिसेस क्रॅब नावाच्या बाईंच्या घरी राहतो. बाई रोज न चुकता विचारतात, "आज पायांना काही झालं नाही ना?" भाडेकरूचे पाय म्हणजे त्यांना घराची तुळईच वाटते.

पेपरात आपला फोटो आलाय. लोकांनी मला खांद्यावर घेतलंय, आणि मागे, डोळे बारीक करून बघितलं तर, आपला ट्रेनर जोब पिंडर तुला पाठीवर घेऊन चाललेला दिसतो. तुझं तोंड दिसत नाही. कात्रण पाठवणार होतो, पण राहू दे.

गावात लोक काहीबाही बोलतात असं हॅना लिहिते. बोलू देत. हाफ टाइमला जोबने मला बाहेर बोळात बोलावून जे सांगितलं, तेच मी आत येऊन तुला सांगितलं. गुडघ्याला नुसती ओढ बसलीय, घट्ट पट्टी बांध. पुढचं तर सगळेच कॅप्टन करतात. अकरा उतरतात, अकरांनीच शेवट गाठायचा, बाराव्याला मैदानावर पाऊल ठेवायची सोय नाही. कुणी लंगडत असेल, कुणाचं डोकं फुटलेलं असेल, दोन पावलं चालता येत असतील तर त्याला डाव्या कडेला उभा करायचा. त्याने काही करायचं नसतं. तो उभा आहे म्हणून समोरच्यांचा एक माणूस त्याच्याजवळ अडकून पडतो, एवढाच त्याचा उपयोग. हा काही मी काढलेला नियम नाही.

आणि तुझ्याजवळ तर त्यांनी दोन ठेवले! एका पायावर उभ्या असलेल्या एनॉक हेपलसाठी दोन धडधाकट माणसं. भाऊ म्हणून मला इतका अभिमान वाटला की विचारू नकोस.

तो चेंडू मारायला मी तुला सांगितलं नव्हतं, एवढं तरी लक्षात ठेव. उभा राहा म्हटलं होतं. शेवटचं मिनिट चालू होतं, चेंडू तुझ्याकडे आला आणि तू त्या दोघांच्या डोक्यावरून असा उचललास की बरोबर माझ्या कपाळावर. मला नुसती मान हलवावी लागली. त्यानंतर तू उठला नाहीस हे मला उशिरा कळलं. मी तेव्हा खांद्यावर होतो.

जोब भेटायला येतो का? आला तर काय बोलतो ते कळव.

तुझा
विल्फ


ग्रेटन
२७ मार्च १९२९

एनॉक,

दोन वर्षांत तुझी एक ओळ नाही. हॅना आईसाठी लिहिते त्यात शेवटी "एनॉक बरा आहे" एवढं असतं. मला वाटायचं, चला, बरा आहे.

पण या वेळी तिने लिहिलं की तू पुन्हा खाणीवर जातोस, आणि खाली नाही, वर चाळणीवर. खाली कोळसा फोडायला गुडघा वाकावा लागतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सरकत्या पट्ट्याशी उभं राहून कोळशातले दगड वेचायचे. आपल्या लहानपणी ते काम छाती भरलेले म्हातारे करायचे आणि आपण त्यांना चिडवत शाळेत जायचो. एनॉक, तू चोवीस वर्षांचा आहेस रे.

कपच्या सेमीफायनलची दोन तिकिटं पाठवली होती. मुख्य स्टँडमधली, छपराखालची, तुझं आणि हॅनाचं. पाय लांब करून बसता यावं म्हणून कडेची मागून घेतली होती. मैदानात आल्या आल्या मी वर बघितलं. दोन्ही रिकाम्या. म्हटलं गाडीला उशीर झाला असेल. नंतरही बघत राहिलो. दुसऱ्या हाफमध्ये एकदा असाच बघत होतो आणि तेवढ्यात त्यांचा सेंटर फॉरवर्ड माझ्या खांद्याजवळून निसटला. एकच गोल झाला. तोच.

पेपरवाल्यांनी लिहिलं, हेपल झोपला होता का? आमच्या मॅनेजरनेही तेच विचारलं. मी म्हटलं, ऊन डोळ्यांत आलं. मार्च महिन्यात, पाऊस पडत असताना! सगळ्या ड्रेसिंग रूममध्ये कुणी हसलंसुद्धा नाही.

तू आला असतास तर तो गोल झाला नसता असं मला म्हणायचं नाही. कशासाठी लिहितोय हेही कळत नाही. तिकिटं नको होती तर परत तरी पाठवायचीस, म्हणजे मी वर बघितलं नसतं.

विल्फ


ग्रेटन
२१ जून १९३१

एनॉक,

परत येऊन चार दिवस झाले. मिसेस क्रॅब म्हणतात घरी जाऊन माणूस ताजातवाना होतो, तुम्ही उतरून आलात. त्यांना काय सांगणार?

तू घरी नाहीस, वाफ्यावर आहेस, असं हॅना म्हणाली तेव्हा मी सरळ तिकडे आलो. तुझे लीक बघून थक्क झालो, खरंच. कांद्याच्या पातीची जात, पण मनगटाएवढे जाड, आणि अजून सप्टेंबरचं भाजीचं प्रदर्शन लांब आहे. प्रत्येकाला तपकिरी कागदाची गळपट्टी. तुला खाली बसता येत नाही म्हणून तू उलट्या घातलेल्या खोक्यावर बसून तो पाय बाजूला सोडून दिला होतास. माझ्याकडे न बघताच तू म्हणालास, "कॅप्टन आले! बूट सांभाळा हो, इथे गवत नाही, शेण आहे."

मी हसलो. तू हसला नाहीस. पण खोकं जरा सरकवून मला टेकायला जागा केलीस. मी ती बघितली, एनॉक. तेवढ्या जागेसाठी मी साडेचार वर्षं पत्रं लिहीत होतो. हॅना चहा घेऊन आली, म्हणाली, "बघ विल्फ, नवऱ्याचं माझ्यापेक्षा भाजीवर प्रेम जास्त," आणि तू तिला म्हणालास, "भाजी बोलत नाही." मला वाटलं आता सगळं हळूहळू रुळावर येईल.

मग ती गेली आणि तू विचारलंस.

"विल्फ, एकच विचारतो. त्या दिवशी बोळात जोब तुला नेमकं काय म्हणाला?"

"तेव्हाच सांगितलं की. ओढ बसलीय म्हणाला."

"बस?"

"बस."

तू बराच वेळ माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. राग असता तर मला कळलं असतं काय करायचं. मग "बरं" म्हणालास आणि कागदाच्या गळपट्ट्या नीट करायला लागलास, एकेक करून, मी तिथे नसल्यासारखा. मी रिकामा कप हातात धरून उभा. शेवटी म्हटलं, "निघतो." तू म्हणालास, "फाटकाची कडी लाव. कुत्री येतात."

इतक्या वर्षांनी तेच का विचारायचं? जोब म्हातारा झालाय, त्याच्या काय लक्षात असणार? मैदानावरची घाई, आरडाओरडा, कोण काय बोललं...

वरच्या ज्या ओळी खोडल्या आहेत त्या वाचायचा प्रयत्न करू नकोस. काही विशेष नव्हतं.

कडी लावली होती.

विल्फ


ऑस्टरबी
१४ ऑक्टोबर १९३४

एनॉक,

मी ऑस्टरबीला परत आलोय हे तुला कळलंच असेल. मे महिन्यात रोव्हर्सची यादी दारावर लागली, पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं त्यांची. मी दोनदा वाचली. माझं नाव वरही नव्हतं, खालीही नव्हतं. मिसेस क्रॅबनी पहिल्यांदाच पायांबद्दल विचारलं नाही. फिरून फिरून आपल्याच तिसऱ्या डिव्हिजनच्या जुन्या क्लबने मला घेतलं. चौतीस वर्षांचा सेंटर हाफ, उजवा गुडघा सकाळी दाराच्या बिजागरीसारखा वाजतो. गिऱ्हाईक मिळालं हेच खूप.

आज मी खोडाखोड करणार नाही. जोब काय म्हणाला ते लिहितो. दोन्ही वेळा काय म्हणाला ते.

पहिल्या वेळी, त्या दिवशी बोळात, तो म्हणाला, "विल्फ, पोराचा गुडघा आतून फाटलाय. त्याला आंघोळीच्या हौदात बसव आणि दार लावून घे. आज पुन्हा त्या पायावर उभा केलास तर परत कधी खेळणार नाही तो."

मी म्हटलं, "नक्की?"

तो म्हणाला, "सोळा वर्षं गुडघेच बघतोय मी."

एनॉक, वर स्टँडमध्ये रोव्हर्सची माणसं बसली होती. ती मला बघायला आली होती. दहा जणांनी खेळलो असतो तर ब्रॅम्फर्डने आपलं पीठ केलं असतं, आणि पीठ झालेल्या क्लबाच्या सेंटर हाफकडे कोण ढुंकून बघतं? मी सत्तावीस वर्षांचा. आदल्या वर्षीची खाणीची टाळेबंदी संपून दोनच महिने झाले होते. आई सूपाच्या रांगेत बरणी घेऊन उभी राहायची ते डोळ्यांसमोर होतं. आता ही संधी गेली की एक ना एक दिवस परत खाली जावं लागणार, कमरेत वाकून, कमरेपर्यंत पाण्यात, हेच डोक्यात. मला खाली जायचं नव्हतं. म्हणून मी आत आलो आणि तुला म्हटलं, ओढ बसलीय. सगळं एवढंच आहे. लिहायला चार ओळी लागल्या. मला वाटायचं, लिहिलं तर हात झडेल.

दुसरी वेळ परवाची. जोब आता ट्रेनर नाही. कोपऱ्यात बसून बुटांना चरबी चोळतो, क्लबने दया म्हणून ठेवलाय. मी त्याच्याशी महिनाभर नुसतं हवापाण्याचं बोलत होतो, कारण मला त्याच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. परवा तोच म्हणाला, "एनॉक कसा आहे?"

मी म्हटलं, "बोलत नाही माझ्याशी."

"का? गुडघ्यावरून?" त्याला आश्चर्यच वाटलं. "त्याला तर मी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"तुला सांगितलं तेच. पट्टी बांधताना. म्हटलं, बाळा, जाऊ नकोस, फाटलाय तो, तुझ्या कॅप्टनलाही मी सांगितलंय. तर म्हणतो, घट्ट बांध जोब. वर ते लोक आमच्या विल्फला बघायला आलेत."

मी त्याच्या हातातला बूट घेतला आणि उगाच चोळत बसलो. दुसरं काय करणार होतो?

म्हणजे मी आत येऊन तुझ्यासमोर उकिडवा बसलो, तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खोटं बोललो, तेव्हा तू ते खरं मानलंस, पण फक्त जोब पट्टी घेऊन येईपर्यंत. आणि खोटं आहे हे कळल्यावर तू गेलास. वाफ्यावर तू मला विचारलंस तेव्हा उत्तर तुला ठाऊक होतं. तुला उत्तर नकोच होतं. तुला मी हवा होतो.

आणि मी "बस" म्हणालो.

मी नीच माणूस आहे, एनॉक. हे मी पूर्वी स्वतःला दारूच्या गुत्त्यात म्हणायचो, चारचौघांत, म्हणजे कुणीतरी "छे छे" म्हणावं म्हणून. इथे म्हणायला कोणी नाही.

ऑस्टरबीहून गावाला रविवारी दोन बस आहेत. मी येऊ का? लांबलचक लिहू नकोस, एक शब्द पाठव. नुसतं "ये" लिहिलंस तरी पुरे.

विल्फ


ऑस्टरबी
१७ फेब्रुवारी १९३५

एनॉक,

तुझं पत्र खिशात घालून तीन महिने फिरलो. आठ वर्षांतलं तुझं पहिलं पत्र. घड्यांवर फाटायला आलंय, पण पाठच झालंय, त्यामुळे बिघडत नाही.

"विल्फ, तू लिहिलंस ते मला ठाऊक होतं. गुडघ्याचा राग मला कधीच नव्हता, तो गुडघा मी माझ्या हाताने दिला होता. तू आपणहून सांगशील म्हणून साडेचार वर्षं वाट बघितली. सेमीफायनलला आलो नाही कारण तिकिटांबरोबर तू ते लिहिलं नव्हतंस. वाफ्यावर तू बस म्हणालास तेव्हा वाट बघणं संपलं. आता तू सांगितलंस, बरं केलंस, पण ज्याला ऐकायचं होतं तो आता नाही. येऊ नकोस. एनॉक."

येणार नाही. लिहू नकोस असं तू म्हटलं नाहीस, म्हणून हे एक लिहितो. यात मागणं काही नाही.

काल पहिल्याच हाफमध्ये माझा गुडघा गेला. कोणी पाडलं नाही, कोणी लाथ मारली नाही. नुसता वळलो आणि आत कापड फाटल्यासारखा आवाज आला. तू त्या दिवशी मला म्हणाला होतास, "कापड फाटल्यासारखं वाटलं रे," आणि मी म्हटलं होतं, "चल, काहीतरीच." आवाज अगदी तसाच असतो.

हाफ टाइमला नव्या ट्रेनरने बघितलं. म्हणाला, "संपलं, हेपल. हौदात बस." तो कॅप्टनला सांगायला उठला तेव्हा मी त्याचा हात धरला. आमचा कॅप्टन क्लेम व्हीटली, तेवीस वर्षांचा, चांगला मुलगा आहे. तो आला, विचारलं, "काय म्हणाला रे तो?"

मी म्हटलं, "ओढ बसलीय. घट्ट पट्टी बांधली की डाव्या कडेला उभा राहतो."

क्लेमने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. म्हणाला, "खरं सांग, विल्फ. पाय जाणार असेल तर आपण दहा जण खेळू. हरलो तर हरलो." इतकं सोपं होतं ते, एनॉक. तेवीस वर्षांच्या मुलाला जमलं. मी म्हटलं, "खरंच सांगतोय," आणि गेलो.

त्याच कडेला उभा होतो. कठड्याचा तो वाकलेला खांब अजून तसाच आहे. पंचेचाळीस मिनिटं एका पायावर किती असतात हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. मागे कठड्यापाशी नेहमीची मंडळी होती. एक ओरडला, "ए हेपल, काठी आणू का?" दुसरा म्हणाला, "काठी कशाला, खुर्चीच आण, म्हाताऱ्याला वारा लागेल." मी हात वर केला. हसले सगळे. तेवढ्यात एक जुना माणूस, टोपी कानापर्यंत ओढलेली, हळूच म्हणाला, "तुझाच भाऊ ना रे तो? ब्रॅम्फर्डच्या मॅचला इथेच उभा होता."

मी म्हटलं, "हो."

"काय चेंडू उचलला होता! बिचाऱ्याला माहीत नव्हतं पाय गेलाय ते."

"माहीत होतं."

"आणि तरी उभा राहिला? कशासाठी?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "मला पण माहीत होतं."

 थोड्या वेळाने मागे वळून बघितलं तर तो दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला होता. बरोबर केलं त्याने.

आम्ही तीन शून्यने हरलो. चेंडू माझ्याकडे एकदा आला. तुझ्यासारखा उचलावा म्हणून पाय नेला आणि तोंडावर पडलो. चेंडू आपला सावकाश घरंगळत बाहेर गेला. कोणी घाईने आणायलाही गेलं नाही. डॉक्टर म्हणतात आता खेळ विसरायचा. त्याचं मला वाईट वाटत नाही. खाणीच्या ऑफिसात विचारलंय, वर चाळणीवर जागा असेल तर. तुझ्या खाणीवर नाही, पलीकडच्या. काळजी करू नकोस.

एक सांगायचं राहिलं. सुरुवातीला एक पोरगेलासा बॅक माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता, नियमाप्रमाणे. दोन मिनिटं त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्या कॅप्टनने लांबून हाक मारली, "सोड रे त्याला, पुढे ये," आणि तो गेला. नंतर शेवटपर्यंत माझ्या आसपास कोणी नव्हतं. सगळी डावी कड मोकळी होती.

तुझ्यासाठी दोन ठेवले होते, एनॉक. माझ्यासाठी एकसुद्धा नाही.

विल्फ